जेवणघरापर्यंतची वाट



संत म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर चमत्कार, घोर तपश्चर्या, दूरदेशीचे प्रवास उभे राहतात. लिझ्यूच्या संत तेरेजाच्या आयुष्यात यातले फारसे काही सापडत नाही. २ जानेवारी १८७३ रोजी फ्रान्समध्ये तिचा जन्म झाला. वडील घड्याळजी, आई लेसचा व्यवसाय सांभाळणारी. पंधराव्या वर्षी ती लिझ्यू येथील कार्मेल मठात दाखल झाली आणि ३० सप्टेंबर १८९७ रोजी क्षयरोगाने तिथेच वारली. वय अवघे चोवीस. तिच्या अखेरच्या आजारपणात मठातल्याच एका सिस्टरला प्रश्न पडला होता, की हिच्या मागे मदर हिच्याविषयी लिहिणार तरी काय!

आता त्या मठातले एक साधे काम पाहा. सिस्टर सेंट पिएर नावाच्या एक वृद्ध, आजारी सिस्टर होत्या. रोज संध्याकाळी प्रार्थनेच्या वेळी त्यांना उठवून जेवणघरापर्यंत न्यावे लागे. त्यांची मर्जी राखणे अवघड, म्हणून हे काम कोणी आपणहून मागत नसे. तेरेजा नवखी होती, तिने ते मागून घेतले. मग रोजचा क्रम ठरला. स्टूल अमुक पद्धतीनेच हलवायचे, मागून कमरपट्टा धरायचा, हळूहळू चालायचे. जरा पाऊल चुकले की बोलणी! जोरात चाललीस, पडेन मी. हळू चाललीस, तुझा हात जाणवत नाही. इतक्या लहान मुलीला हे काम कोणी दिले? जेवणघरात बसवून बाह्या सारख्या करून दिल्या की काम संपले. पण त्या दुखऱ्या हातांना पाव कापता येत नाही, हे तेरेजाच्या लक्षात आले. तेव्हापासून ती पाव कापून देऊ लागली आणि जाताना एकदा हसून पाहू लागली. त्या हसण्यानेच म्हातारीचे मन जिंकले.

आपल्या घरी आजी असेल, तर हे दृश्य तुम्हाला नवे नाही.

याच मठात तेरेजाला एक सिस्टर मुळीच आवडत नसे. वागणे, बोलणे, स्वभाव, सगळेच खटके. तिने ठरवले, की हिच्याशी आपण अगदी आवडत्या माणसासारखे वागायचे. ती भेटली की तिच्यासाठी प्रार्थना करायची, जमेल ते काम करायचे, आणि उलट उत्तर ओठांवर आलेच तर हसून विषय बदलायचा. शेवटी त्या सिस्टरनेच विचारले, माझ्यात तुला एवढे काय आवडते?

भाषांतर करताना मी इथे अडखळले. हे ढोंग नाही का? मनात एक आणि चेहऱ्यावर दुसरे? दोन दिवस विचार केल्यावर मला वाटते, नाही. ढोंगी माणूस स्वतःच्या फायद्यासाठी हसतो. तेरेजाला यातून काहीच मिळवायचे नव्हते. नावड आपोआप येते, तिच्यावर आपला ताबा नसतो; वागणे मात्र आपल्या हातात असते. आणि त्या सिस्टरच्या अंतरात येशू आहे, असे ती मानत होती. ती हसत होती ते त्याच्याकडे पाहून.

मी वाणिज्य शाखेची, त्यामुळे मला आधी जमाखर्च दिसतो. एवढी सेवा, एवढे पुण्य! तेरेजा मात्र असा हिशेब ठेवायलाच तयार नव्हती. देवासमोर रिकाम्या हातांनी जाईन, असे तिने प्रार्थनेत लिहून ठेवले. तिच्या काळी श्रीमंतांच्या घरी जिन्याऐवजी लिफ्ट आली होती. त्यावरून तिला सुचले, की परिपूर्णतेचा जिना चढण्याइतकी मी मोठी नाही, येशूचे हातच माझी लिफ्ट. एवढ्या विश्वासाच्या मुलीचे शेवटचे दीड वर्ष मात्र अंधारात गेले. स्वर्ग आहे की नाही, अशी शंका तिला सतत छळत होती. तरी तिचे वागणे बदलले नाही.

१९२५ मध्ये पोप अकरावे पायस यांनी तिला संत घोषित केले. कोलकात्याच्या मदर तेरेसा यांनी आपले नाव घेतले ते हिच्यावरूनच.

हे सारे तिने १८९७ च्या जूनमध्ये, मदरच्या सांगण्यावरून, एका वहीत लिहिले. ती बागेत बसून लिहीत असे. येणारी-जाणारी प्रत्येक सिस्टर दोन शब्द बोलायला थांबे, आणि वाक्य अर्धेच राही. तेरेजा लेखणी खाली ठेवून हसून बोले. पुढे लेखणी धरण्याचीही ताकद उरली नाही, तेव्हा शेवटच्या ओळी तिने पेन्सिलीने लिहिल्या.