रोग्याचे समाधान हा पुरेसा पुरावा आहे काय?

इस्पितळातून घरी आलेल्या मनुष्यास, "तेथे व्यवस्था कशी होती?" असे कोणी विचारले, तर तो बहुधा "फार चांगली" असेच म्हणतो. एवढ्यावरून इस्पितळाची परीक्षा झाली असे मानावे काय? हा प्रश्न केवळ पंडितांचा नव्हे. २०१६ साली केंद्र सरकारने 'मेरा अस्पताल' ही योजना काढून सरकारी इस्पितळातील रोग्यांस दूरध्वनीवरून त्यांचे मत विचारण्यास आरंभ केला, तेव्हा तो खेड्यातील मनुष्यापर्यंतही आला.

समाधान पुष्कळदा फसवे असते. साध्या सर्दीने बेजार झालेला मनुष्य सुई मागतो. शहाणा डॉक्टर "गरज नाही, विश्रांती घ्या" म्हणाला, तर तो रुष्ट होऊन दुसऱ्या दवाखान्यात सुई टोचून घेतो व संतुष्ट होतो. अमेरिकेत २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या सुमारे ५२,००० लोकांच्या पाहणीत, आपल्या डॉक्टरांविषयी अत्यंत संतुष्ट असलेल्यांचा खर्च अधिक, आणि त्यांच्यात मृत्यूचे प्रमाणही अधिक, असे आढळले. समाधानामुळेच मृत्यू आला असे त्यावरून ठरत नाही. परंतु समाधान आणि हित ही एकच नव्हेत, एवढे खास.

याहून खेदाची गोष्ट गरिबाच्या समाधानाची आहे. ज्यास जन्मभर कोणी दारात उभे केले नाही, त्यास नुसती खाट मिळाली तरी तो कृतार्थ होतो. त्यास तीन तास तिष्ठत ठेवा, अरेतुरे करा, तरी तो हात जोडतो. शिवाय पुन्हा आजारी पडल्यास ह्याच दारी यावयाचे आहे, हे भय त्याच्या मनात असतेच. त्याची कृतज्ञता खरी आहे. तिची थट्टा कोणी करू नये. परंतु ती कागदावर मांडून "आमच्या सेवेत उणे नाही" असे म्हणणारा चालक त्याच्या नम्रतेचा लाभ उठवितो, असे आम्हांस स्पष्ट वाटते.

मग रोग्यास विचारूच नये काय? तसे नव्हे. शस्त्रक्रिया नीट झाली की नाही, हे तो सांगू शकणार नाही. पण आडोसा करून तपासले की दहा जणांपुढे उघडे केले, रोग काय आहे हे समजेल अशा बोलीत सांगितले की नाही, रात्री पाणी मागितले तेव्हा कोणी आले की नाही, ह्या गोष्टींचा पहिला साक्षी तोच. म्हणून "समाधान झाले काय?" असे मोघम न विचारता एकेक गोष्ट विचारावी, आणि विचारणारा इस्पितळाचा चाकर नसावा. रोग्याबरोबर जाणाऱ्या उपदेशकबंधूंनी हे काम घरी परतल्यावर, निवांतपणे करावे. स्त्रियांस मात्र त्यांच्या पत्नींनीच विचारावे. कारण बाळंतपणाच्या खोलीत कोणते शब्द ऐकून घ्यावे लागले, हे पुरुषापुढे त्या बोलणार नाहीत.