उपवासाचा पेला

पुण्यात शिकणाऱ्या मुलीने एकादशीच्या दिवशी मला ‘बबल टी’च्या दुकानात नेले. तीन पेले समोर आले: दुधाचा, आंब्याचा आणि हिरव्या चहाचा. जाड नळीतून काळे, चिवट मणी एकदम तोंडात आले.

“हे परदेशी सोंग उपवासाला कसे चालेल?” मी मास्तरी आवाजात विचारले.

“बाबा, अहो, हा साबुदाण्याचाच भाऊबंद!” ती हसली.

तिचे खरे होते. १९८० नंतर तैवानात हा चहा जन्मला. त्यातले मणी कसावा नावाच्या कंदाच्या पिठाचे. सेलमकडून येणारा आपला साबुदाणाही त्याच कंदाचा, आणि कंद मूळचा दक्षिण अमेरिकेतला! आमच्या गंगाखेडला गोदास्नान करून आम्ही निष्ठेने खातो ती खिचडीही एके काळी परकीच म्हणायची. सवयीलाच आपण शास्त्र म्हणतो की काय?

तिन्ही पेले चाखले. आंब्याचा आवडला, हे कबूल करतो. चौथा मागवताना मात्र हात थबकला. साबुदाणा चालतो, चहा चालतो, साखर चालते. मग मी सोडले तरी काय?

त्या पेल्यांनी माझा उपवास मोडला नाही. घरच्या तुपाळ खिचडीने तो केव्हाच मोडला होता, एवढे कळले.