दुसऱ्यांदा किल्ली फिरवण्याआधी

किल्ली फिरवली आणि गाडी चालू झाली नाही. आता हात किल्लीवरून काढून मांडीवर ठेवा. पुन्हा सेल्फ मारण्याची जी घाई त्या हाताला सुटली आहे, ती क्षणभर नुसती पाहा. ऑफिसची वेळ, मुलीची शाळा, मागे गाडी लावून थांबलेला शेजारी, सगळं त्या बोटांत उतरलं आहे. एक श्वास सावकाश घ्या. सोडा. मग एवढंच आठवा: किल्ली फिरवली तेव्हा कानावर नेमकं काय आलं?

हे चटकन सांगता येत नाही. म्हणूनच मेकॅनिकला फोन केला की तो आधी विचारतो, "सेल्फ उचलतोय का?" निम्मं निदान त्या प्रश्नातच असतं. इंजिन फिरतंय पण पेट घेत नाही, ही एक तक्रार. इंजिन फिरतच नाही, ही अगदी वेगळी. दोन्हींना आपण "गाडी चालू होत नाही" असंच म्हणतो आणि भलत्याच जागी शोधत बसतो.

समजा, जुलैतली सकाळ आहे. गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन आठवडे उभी होती. किल्ली फिरवल्यावर भराभर टिक-टिक-टिक असा आवाज आला. डॅशबोर्डवरचे दिवे लागले होते, म्हणून मनानं लगेच निकाल दिला की बॅटरी ठीक आहे. या निकालापाशी थांबा. डॅशबोर्डच्या दिव्यांना लागतो तो करंट अगदी थोडा. इंजिनाचं जड चाक फिरवणाऱ्या स्टार्टरला मात्र शंभर-दीडशे अँपिअर लागतात, तेही एकदम. बॅटरीत दिव्यापुरतं बळ असूनही स्टार्टरपुरतं नसू शकतं.

खात्री करायची तर हेडलाइट लावा आणि समोरच्या भिंतीवरचा उजेड पाहत किल्ली फिरवा. फक्त एकदाच. उजेड पिवळा पडून विझत चालला, तर बॅटरी उतरली आहे किंवा तिचं टर्मिनल सैल आहे. उजेड ढळला नाही आणि सेल्फही गप्प राहिला, तर करंट स्टार्टरपर्यंत पोचतच नाही. अशा वेळी गिअर न्यूट्रलला आहे का, क्लच पुरता दाबला आहे का, ऑटोमॅटिक असेल तर लिव्हर 'पी'वर आहे का, हे पाहा. किल्लीच्या चित्राचा दिवा लुकलुकत असेल तर गाडीनं किल्ली ओळखलेली नाही. दुसरी किल्ली लावून बघा. एवढं करून नुसताच एक 'टक' येत असेल, तर ते काम गॅरेजचं.

आता बॉनेट उघडा आणि बॅटरीसमोर उभे राहा. त्या डब्यात सहा कप्पे आहेत. प्रत्येक कप्पा दोन व्होल्टहून थोडा जास्त देतो, म्हणून पूर्ण भरलेली बॅटरी मीटरवर 12.6 दाखवते. 12.2 ला ती अर्ध्यावर आलेली असते. 12 च्या खाली गेली की सेल्फच्या कामाची उरत नाही. आत शिशाच्या पट्ट्या आणि पाण्यात मिसळलेलं ॲसिड आहे. बॅटरी उतरते तसं ॲसिड पातळ होतं आणि पट्ट्यांवर शिशाचं सल्फेट साचतं. तशीच पडून राहिली तर तो थर कठीण होतो आणि ती धड चार्ज घेत नाही. गाडी बंद असली तरी घड्याळ, अलार्म, लॉक यांना थोडाथोडा करंट लागतच असतो. दोन आठवडे आपण गाडीकडे फिरकलो नाही, बॅटरीचं काम मात्र सुरूच होतं.

टर्मिनल जवळून पाहा. शिशाच्या खुंटीभोवती पांढरट-हिरवी भुकटी फुलली आहे का? क्लॅम्प हातानं हलवून पाहा. तो हलता कामा नये. हलला तर बॅटरी चांगली असूनही गाडी चालू होणार नाही. आधी निगेटिव्ह वायर सोडा, भुकटीवर गरम पाणी ओता, ब्रशनं घासा, कोरडं करा आणि दहाच्या पान्यानं आवळा, निगेटिव्ह शेवटी. हे दहा मिनिटांचं काम आहे, आणि नवी बॅटरी घेण्याआधी ते झालंच पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

मधल्या वेळात बॅटरीला विसावा मिळतो. उन्हाळ्यातल्या विहिरीत पोहरा सारखा आपटत राहिलो तर गाळच वर येतो; थोडं थांबलं की झऱ्याचं पाणी साचतं. बॅटरीचंही तसंच आहे. म्हणून सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका आणि दोन प्रयत्नांत निदान अर्धा मिनिट जाऊ द्या. स्टार्टरची कॉइलही तेवढ्यात निवते.

इंजिन फिरतंय पण पेट घेत नाही, तेव्हा पुन्हा कानच कामी येतो. दारं लावा, पंखा आणि रेडिओ बंद करा, किल्ली नुसती 'ऑन'ला न्या. इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत बहुधा मागच्या सीटखालून दोनेक सेकंद बारीक गुणगुण येते. तो पेट्रोलचा पंप. ती आली नाही तर आधी फ्यूज पाहा, आणि उंदरानं वायर कुरतडली आहे का तेही.

शेजाऱ्याच्या गाडीवरून जंप द्यायची वेळ आली, तर लाल केबल प्लसवरून प्लसवर लावा. काळी आधी चांगल्या बॅटरीच्या मायनसला, आणि तिचं दुसरं टोक बंद गाडीच्या इंजिनावरच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते, म्हणून हा क्रम पाळायचा.

हा सगळा भार बॅटरीवर 1912 पासून आहे. त्या वर्षी चार्ल्स केटरिंग यांचा विजेवर चालणारा स्टार्टर कॅडिलॅक गाडीत आला. त्याआधी हँडल मारून इंजिन फिरवावं लागे, आणि ते उलटं फिरलं की मनगट मोडे.

एका प्रसंगी मात्र हात किल्लीकडे जाताच कामा नये. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईत हजारो गाड्या बुडाल्या. पाण्यातून काढलेली गाडी बाहेरून कोरडी दिसते, पण सिलिंडरमध्ये पाणी असू शकतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सेल्फ मारला की पिस्टन त्या पाण्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. साधा विमा हे नुकसान सहसा भरून देत नाही. अशी गाडी 'एकदा बघू तरी' म्हणूनसुद्धा चालू करू नका. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि गाडी उचलून गॅरेजला न्या.