दुसऱ्याला त्रास म्हणजे नक्की काय?



देवाची भक्ती कोणाला उपद्रव कशी ठरेल, असे आपल्याला वाटते. चेन्नईतील एका पेंटेकोस्टल चर्चलाही तसेच वाटले होते. तेथे प्रार्थनेत ड्रम, गिटार वाजत आणि ध्वनिक्षेपकही लागे. शेजारच्या वसाहतीने तक्रार केली. आम्ही अल्पसंख्य म्हणून आमच्यावर रोख आहे, असे चर्चचे म्हणणे होते. शिवाय अधिकाऱ्यांच्या पाहणीत रस्त्यावरच्या वाहनांचाच आवाज मोठा निघाला! तरीही ३० ऑगस्ट २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने वसाहतीची बाजू उचलून धरली. इतरांची शांतता मोडून प्रार्थना करावी असे कोणताच धर्म सांगत नाही, असे न्यायालयाने म्हटले. म्हातारी माणसे, आजारी, अभ्यास करणारी मुले यांचा त्या निकालात आवर्जून विचार आहे.

कायदा प्रत्येक कुरकुरीला त्रास मानत नाही, हेही खरे. साधारण समजूतदार माणूस जिची तक्रार करणार नाही अशी क्षुल्लक हानी गुन्हा ठरत नाही (भारतीय न्याय संहिता, कलम ३३). शेजारच्या बाळाचे रडणे सोसायलाच हवे. पण कलम २७० मध्ये सार्वजनिक उपद्रवाची व्याख्या करताना एक वाक्य आहे, ते मला फार मोलाचे वाटते: त्या कृत्याने कोणाची सोय झाली किंवा फायदा झाला, म्हणून उपद्रव क्षम्य होत नाही. म्हणजे आपला हेतू चांगला होता, शंभर जणांना आनंद झाला, हे उत्तर पुरत नाही.

ख्रिस्तसभेची शिकवणही वेगळी नाही. धर्मस्वातंत्र्याचा जोरदार पुरस्कार करणाऱ्या १९६५ च्या व्हॅटिकन परिषदेच्या जाहीरनाम्यानेच, आपले हक्क बजावताना इतरांच्या हक्कांचा आदर राखणे हे नैतिक बंधन मानले आहे.

निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही नियमातली मर्यादा. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक नाही. सणासुदीला सरकार काही दिवस बारापर्यंत सूट देते. हे यंत्राने मोजता येते. पण लग्नाच्या आदल्या रात्री बँड वाजत असताना, संबंध बिघडतील म्हणून खिडक्या लावून गप्प बसणारा शेजारी कोणत्या यंत्रावर दिसणार? त्याने तक्रार केली नाही, एवढ्यावरून त्याला त्रास झाला नाही असे आपण धरून चालतो.