दुसऱ्यांच्या विश्वासावर आठ दिवस

कोपनहेगनची जगप्रसिद्ध 'लिटल मर्मेड' जेमतेम सव्वा मीटर उंच आहे. 1913पासून ती बंदरातल्या दगडावर बसलेली आहे आणि तिच्यासमोर उभे राहून लोक एकमेकांना विचारतात, "एवढीशीच?" डेन्मार्कहून परत आलेली माणसं तिच्याबद्दल फारसं बोलत नाहीत. ती वेगळंच काहीतरी सांगतात. आई-बाबा कॅफेत कॉफी पितायत आणि बाळ बाहेर फुटपाथवर बाबागाडीत एकटंच झोपलंय. मेट्रोला तिकीट तपासणारं गेटच नाही. शेताच्या कडेला एका टेबलावर नवे बटाटे नि स्ट्रॉबेरी मांडून ठेवल्यायत, शेजारी पैसे टाकायला डबा आहे आणि आसपास चिटपाखरू नाही.

मागच्या जूनमध्ये आठ दिवस मीही हे सगळं मनापासून अनुभवलं. फ्यून बेटावर सायकल थांबवून स्ट्रॉबेरी घेतल्या. नाणी शोधून डब्यात टाकली, कारण तिथे सगळे वापरतात ते मोबाइल-पे डॅनिश बँकेत खातं असल्याशिवाय चालत नाही. मजा आली, पण तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात आहे. जो विश्वास उभा करायला मी काही केलं नाही आणि टिकवायलाही काही करणार नाही, त्याचा आनंद घेण्याचा मला काय हक्क?

तुम्ही म्हणाल, गेट नसण्याचं एवढं काय कौतुक? दादर स्टेशनलाही नाही. अगदी बरोबर. पण दादरला आपण रोजचे असतो. टीसी कुठल्या जिन्याच्या तोंडाशी उभा असतो, हेही आपल्याला माहीत असतं. कोपनहेगनच्या मेट्रोतही तपासनीस येतात आणि विनातिकीट सापडलं तर जबर दंड होतो. पर्यटकाला मात्र फक्त नसलेलं गेट दिसतं. त्यामागची व्यवस्था दिसत नाही, आणि म्हणून तो तिला 'संस्कृती' म्हणून मोकळा होतो.

1843 साली कोपनहेगनला दोन गोष्टी मिळाल्या. ऑगस्टमध्ये तिवोली हा करमणुकीचा बगिचा उघडला, शहराच्या जुन्या तटबंदीच्या जागेवर. तिथलं आजचं तळं म्हणजे त्या काळच्या खंदकाचा उरलेला तुकडा. त्याआधी फेब्रुवारीत सोरेन कीर्केगार्डचं 'एन्टेन-एलर' प्रसिद्ध झालं होतं. नावाचा अर्थ, एक तर हे, नाही तर ते. त्यात दोन आवाज आहेत. पहिला एका निनावी तरुणाचा. त्याला प्रत्येक क्षणाची चव हवी, बांधिलकी कशाचीच नको. मैत्री, लग्न, नोकरी या गोष्टी माणसाला अडकवतात, म्हणून त्यांच्यापासून लांब राहावं, असं त्याचं मत. दुसरा आवाज एका विवाहित न्यायाधीशाचा. तो तरुणाला लांबलचक पत्रं लिहून सांगतो की माणूस निवड करतो आणि तिला रोज जागतो, तेव्हाच तो कुणीतरी होतो.

गंमत म्हणजे हा तरुण प्रवाशांचीही टिंगल करतो. कंटाळा आला की देश बदलायचा, हा त्याला फार बाळबोध उपाय वाटतो. पण मला वाटतं, सुट्टीवर गेलेला माणूस त्याचाच सख्खा भाऊ आहे. सगळं चाखायचं, कशालाही बांधील राहायचं नाही आणि आठव्या दिवशी विमान पकडायचं.

आपण जे चाखतो, ते मात्र न्यायाधीशाच्या बाजूचं असतं. कोपनहेगनच्या सायकलींच्या रांगा रीलमध्ये छान दिसतात. पण डॅनिश माणूस जन्मतःच सायकलवेडा नसतो. तिथे गाडी नोंदवताना वरच्या टप्प्याला 150 टक्के कर लागतो. 1973च्या तेलसंकटात रविवारी गाड्या बंद ठेवल्या होत्या. पुढे सायकलमार्ग मिळावेत म्हणून लोकांनी टाउनहॉलसमोर मोर्चे काढले. बाबागाडीचंही तसंच. 1997 साली न्यूयॉर्कमध्ये एका डॅनिश आईने बाळाला असंच रेस्टॉरंटबाहेर ठेवलं, तर तिला अटक झाली आणि बाळ काही दिवस दुसऱ्यांच्या ताब्यात गेलं. आई तीच, सवय तीच, फक्त रस्ता दुसरा होता. विश्वास बॅगेत घालून नेता येत नाही, कारण तो एकट्या माणसात नसतोच.

यावर सरळ उत्तर आहे: मी पैसे मोजले ना! तिथे प्रत्येक कॉफीवर 25 टक्के व्हॅट लागतो, तो मीही भरला. पण पैसे दिले म्हणजे हिशेब मिटला, असं नसतं. ख्रिश्चानियाचं बघा. 1971मध्ये लोकांनी रिकाम्या लष्करी बराकी ताब्यात घेऊन वसवलेली ही मुक्त वस्ती. तिथल्या 'पुशर स्ट्रीट'वर गांजा-चरस उघड विकला जायचा आणि पर्यटकांसाठी ती एक धमाल होती. तेही पैसे मोजतच होते. ते पैसे टोळ्यांकडे जात होते आणि गोळीबार, खून रहिवाशांच्या वाट्याला येत होते. शेवटी एप्रिल 2024मध्ये रहिवाशांनीच त्या रस्त्याचे दगड उखडून काढले. आपल्याला जी 'व्हाइब' होती, ती त्यांच्या मुलांची शाळेची वाट होती.

आणि हा विश्वास सगळ्यांसाठी नाही. 2016च्या जानेवारीत डॅनिश संसदेने एक कायदा केला. आश्रय मागायला आलेल्यांच्या सामानाची झडती घेऊन 10,000 क्रोनरच्या वरची रोकड आणि मौल्यवान वस्तू त्यांच्या खर्चापोटी जप्त करायची मुभा त्यात आहे. लग्नाच्या अंगठीसारख्या भावनिक मोलाच्या वस्तू वगळल्या, तेही टीका झाल्यावर. माझ्या बॅगेत कुणी हात घातला नाही. मी काही जास्त प्रामाणिक होते म्हणून नव्हे, माझ्याकडे परतीचं तिकीट होतं म्हणून. ज्याला राहायचंय त्याच्यावर संशय आणि जो जाणारच आहे त्याच्यापुढे उघडा डबा. त्या स्ट्रॉबेरीच्या गोडीत हेही मिसळलेलं आहे.

मग काय, जायचंच नाही? तसं मला वाटत नाही. अपराधी चेहरा घेऊन फिरण्याने कुणाचंच भलं होत नाही. 2024च्या उन्हाळ्यात कोपनहेगनने 'कोपनपे' नावाचा प्रयोग केला. सायकलने फिरा, कचरा उचला आणि बदल्यात कुठे कॉफी, कुठे संग्रहालयात प्रवेश मिळवा. कल्पना छान आहे. पण बक्षीस मिळणार म्हणून उचललेला कचरा हा सौदा असतो. डब्यात नाणं टाकताना कुणी बघत नसतं आणि काही मिळतही नसतं. त्या एका क्षणापुरता पर्यटकही त्या व्यवस्थेचा भागीदार असतो.

पण फक्त क्षणापुरताच. न्यायाधीशाला अपेक्षित असलेली निवड रोज करावी लागते, वर्षानुवर्षं, कंटाळा आला तरी. सुट्टीत ती जमणं शक्यच नाही. ती जिथे आपण मतदार असतो, करदाते असतो, शेजारी असतो, तिथेच होते. डेन्मार्कमध्ये मी पाहुणी होते, ते ठीकच होतं. पण आपल्यातले कितीतरी जण स्वतःच्या शहरातही पाहुण्यासारखे राहतात. चांगलं कॅफे शोधतात, फुटपाथ नाही म्हणून वैतागतात आणि वॉर्डाचा नगरसेवक कोण, हे त्यांना माहीत नसतं. परदेशात विश्वासाचं कौतुक करून आल्यावर मला हेच जास्त टोचतं.