काळी प्रतिमा आणि ओले इंधन

लांब पल्ल्याचा धावपटू किंवा सायकलपटू ज्याच्या बळावर तासनतास तग धरतो, त्या ग्लायकोजेनचा, म्हणजे स्नायूंत साठवलेल्या शर्करेचा, साठा किती उरला आहे हे त्याचे त्यालाही कळत नाही. थकवा जाणवतो, थकव्याचे कारण जाणवत नाही. प्रत्यक्षाची हद्द येथे संपते आणि अनुमान, म्हणजे दिसणाऱ्या चिन्हावरून न दिसणाऱ्या वस्तूचे ज्ञान, सुरू होते.

स्वीडनमधील योनास बर्गस्ट्रॉम यांनी १९६२ साली सुईने स्नायूचा तुकडा काढून तपासण्याची रीत रूढ केली. १९६६ साली त्यांनी आणि एरिक हल्टमन यांनी एका पायाने सायकल चालवून दाखवून दिले की, नंतर भरपूर कर्बोदके खाल्ल्यास दमलेल्या पायातच साठा नेहमीपेक्षा पुष्कळ वाढतो. या सुईलाही प्रत्यक्ष म्हणणे धाडसाचेच आहे, कारण चिमूटभर तुकड्यावरून उरलेल्या मांडीविषयी जे सांगितले जाते तेही अनुमानच असते. सुई न टोचता हाच साठा ओळखू पाहणाऱ्या अल्ट्रासाउंडला मात्र आणखी एक पायरी ओलांडावी लागते. एक ग्रॅम ग्लायकोजेनसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी स्नायूत राहते, पाणी वाढले की ध्वनिलहरींचा प्रतिध्वनी क्षीण होऊन प्रतिमा काळपट दिसते, आणि म्हणून काळपट प्रतिमा हे भरलेल्या साठ्याचे लक्षण, असा हा तर्क आहे.

नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे तर्कपंडित, येथे व्याप्तीची, म्हणजे हेतू (दिसणारे चिन्ह) आणि साध्य (त्यावरून सिद्ध करायची वस्तू) यांच्या कधीही न चुकणाऱ्या साहचर्याची, चौकशी करतील. धुरावरून अग्नीचे अनुमान निर्दोष असते. अग्नीवरून धुराचे मात्र नसते, कारण धूर निघण्यास इंधन ओले असावे लागते आणि तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असूनही धूर नसतो. साध्यासोबत नेहमी असणाऱ्या, पण हेतूसोबत नेहमी नसणाऱ्या अशा अटीला ‘उपाधी’ म्हणतात. स्नायूच्या प्रतिमेत ती अट म्हणजे ग्लायकोजेनसोबतचे पाणी होय: साठा असेल तेथे ते असतेच, पण काळेपणा असेल तेथे ते असेलच असे नाही, कारण क्रिएटिन हे पूरक घेतल्यानेही स्नायूत पाणी ओढले जाते आणि इजेनंतरच्या सुजेनेही ते वाढते.

सायकलपटूंवरील २०१४ च्या अभ्यासात प्रतिमा आणि सुई यांचा मेळ उत्तम बसला होता. परंतु त्यात दीर्घ व्यायामाने रिकामा होणारा स्नायूच तपासला गेला, आणि साहचर्य कितीही वेळा दिसले तरी व्यभिचाराचा, म्हणजे हेतू असूनही साध्य नसल्याच्या उदाहरणाचा, शोध घेतल्याखेरीज व्याप्ती सिद्ध होत नाही. पुढे २०१९ मध्ये रग्बी लीगच्या खेळाडूंवर तपासणी झाली तेव्हा ग्लायकोजेनमध्ये अल्पावधीत झालेले बदल या तंत्राला टिपता आले नाहीत.

यावरून केवळ प्रत्यक्ष मानणाऱ्या चार्वाकांप्रमाणे अनुमानच नाकारणे हा अतिरेक ठरेल. संशयाला व्यवहारातील विरोधापाशी थांबावे लागते, असे नैयायिक उदयनाचार्यांचे उत्तर आहे. भूक भागेल या भरवशावर जेवणाऱ्याने अनुमानावर सरसकट अविश्वास दाखवण्यात अर्थ नसतो, आणि शर्यतीपूर्वी पोटभर भात खाणारा खेळाडूही याच भरवशावर चालतो. नाकारायचे आहे ते उपाधीग्रस्त अनुमान, आणि अडचण अशी की, शर्यतीच्या आधीच्या आठवड्यात, जेव्हा खेळाडूला या प्रतिमेची सर्वाधिक गरज भासते, तेव्हाच आहार, पाणी आणि कित्येकदा क्रिएटिनही एकदम बदललेले असते.