अंतराळातला चतकोर



सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक पृथ्वीभोवती फिरत आहे. दीड तासात एक प्रदक्षिणा, म्हणजे दिवसात सोळा सूर्योदय! अंतराळवीर भिंतीला बांधलेल्या पिशवीत झोपतात. हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून रोज सुमारे दोन तास व्यायाम करतात. घाम आणि लघवीसुद्धा शुद्ध करून पिण्याचे पाणी बनवतात.

२०१३ साली अमेरिकन अंतराळवीर माइक हॉपकिन्स तेथे गेले. ते उड्डाणापूर्वी थोड्याच काळाआधी कॅथलिक झाले होते. महाधर्मप्रांताच्या परवानगीने त्यांनी एका डबीत ख्रिस्तप्रसाद नेला. सहा पवित्र भाकरी, प्रत्येकीचे चार तुकडे. चोवीस आठवड्यांसाठी चोवीस. त्या वर्षी नाताळच्या आदल्या दिवशी बिघडलेल्या पंपाच्या कामासाठी त्यांना स्थानकाबाहेर जावे लागले. बाहेर पडण्यापूर्वी त्यांनी ख्रिस्तप्रसाद स्वीकारला.

सोळा सूर्योदयांच्या त्या दिवसांत आठवड्यातून एकदा मिळणारा एक चतकोर! आपल्याला मात्र चर्च हाकेच्या अंतरावर असूनही पाऊस, पाहुणे, क्रिकेट अशा कारणांनी रविवारची मिस्सा चुकते.

आपल्या शेजारी अंथरुणाला खिळलेले आजारी आहेत. चर्चची घंटा त्यांना ऐकू येते, पण पायऱ्या चढवत नाहीत. त्यांनाही हीच भूक आहे. त्यांची नावे या आठवड्यात धर्मगुरूंना कळवा. जो प्रभू अंतराळात पोहोचला, तो त्यांच्या खाटेपाशी नक्की येईल.